मॅनेजर बदलून काय बदलतं?

नॅशनल लीग म्हणजे इंग्लंडमधली पाचव्या पायरीची फुटबॉल स्पर्धा. तिच्यातल्या मॅनेजरबद्दल (म्हणजे संघाच्या मुख्य प्रशिक्षकाबद्दल) एकाने लिहिलंय, "नॅशनल लीगमध्ये चार-पाच सामने सलग हरला की मॅनेजरला नारळ द्या, दुसरा इलाजच नाही." अर्धंच पटतं. साउथएंड युनायटेड या क्लबचं बघा. २०२१ मध्ये क्लब १०१ वर्षांनी फुटबॉल लीगबाहेर, म्हणजे वरच्या पायऱ्यांवरून खाली नॅशनल लीगमध्ये फेकला गेला, आणि त्याच ऑक्टोबरात मॅनेजर फिल ब्राउनला काढलं. ते योग्यच होतं, संघ पार ढेपाळला होता. जागी आला जुना खेळाडू केविन माहर.

त्यानंतरची कथा मात्र निकालांच्या तक्त्यात दिसत नाही. पगार रखडलेले, नवे खेळाडू घ्यायला बंदी, करवसुलीवाल्यांच्या कोर्टवाऱ्या. २०२३-२४ मध्ये थकबाकीपायी १० गुण कापले, तरी माहरने संघ नववा आणला! मालकाने तिजोरीत खडखडाट करून ठेवायचा आणि शिव्या मॅनेजरने खायच्या, हा कुठला न्याय? तिथल्या बहुतेक प्रेक्षकांना हे कळत होतं, त्यांचा राग मालकावर होता.

जुलै २०२४ मध्ये मालकी बदलली. पुढच्याच हंगामात संघ सातवा, म्हणजे प्लेऑफच्या (बढतीच्या दुसऱ्या जागेसाठीच्या बाद फेरीच्या) शेवटच्या जागेवर. तिथून थेट लंडनच्या वेम्बली मैदानावर प्लेऑफचा अंतिम सामना, ओल्डहॅमकडून जादा वेळेत ३-२ हार. थेट बढती एकालाच मिळणाऱ्या या लीगमध्ये हे थोडं नव्हे.

म्हणून तुमच्या क्लबच्या मॅनेजरला काढायचं म्हणाल तर एवढंच विचारतो: खेळाडू निवडायला त्याच्या हातात पैसा होता का? असेल आणि तरी संघ दिशाहीन खेळत असेल, तर खुशाल काढा.