तिसरीची पोरं वाचताना अडकतात, मी चुकतोय कुठं?

अमळनेरी काका
रामराम मंडळी. बँकेतून रिटायर झालो, घरी बसून काय करणार, म्हणून हेडसरांना विचारून गावच्या झेडपी शाळेत मंगळवार-शुक्रवार जातो. सात पोरं दिलीत, तिसरी-चौथीची. अक्षरं ओळखतात, पण 'क ला काना का, प ला उकार पु' करत शब्दाच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवातच विसरतात. त्यात एक जण 'डोळा' लिहिलंय तरी 'डोया' वाचतो, दहादा सुधारलं, आता तर तोंडच उघडत नाही.

खडूफळा
काका, तो तर तुमचा सगळ्यात चांगला वाचणारा! त्याने अक्षरं वाचली, अर्थ पकडला आणि घरचा शब्द बोलला. अहिराणीत ळ चा य होतोच, काळा तो काया, डोळा तो डोया. तिथं टोकू नका, "हां डोया, पुस्तकात डोळा लिहितात" म्हणा नि पुढं चला. 'डोळा'चं 'डोकं' वाचलं तर मात्र थांबवा, तो अंदाज असतो. (मीपण शाळेत 'डोया'साठी छडी खाल्लीय, म्हणून एवढं लिहिलं.)

तापीकाठ
सातही जणांना एकच धडा देताय का? 'असर' सर्वेक्षणवाले (गावोगावी पोरांचं वाचन तपासणारे) करतात तसं करा, एकेकाला बाजूला बसवून अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, जिथं अडला तिथून सुरू, इयत्ता विसरा. आणि ते 'क ला काना' बंदच करा, बाराखडीचा तक्ता बोट ठेवून आडवा-उभा म्हणून घ्या, थेट का, की, कु. शब्द त्यांच्या शेतातले घ्या, कापूस, बैल, पाटी, जोडाक्षरं नंतर.

सातपुडा पायथा
हे सगळं ठीक, पण वेचणी सुरू झाली की निम्मी पोरं कपाशीत, तेव्हा कोणाला शिकवणार? आमच्या चोपड्याकडं तर पावरा आदिवासी पोरांना अहिराणीपण परकीच, तिथं मी पाचवीतली एक पावरा पोरगी सोबत बसवतो, ती सांगते ते पोरांना लगेच कळतं, माझं नाही.

अमळनेरी काका
आज गेलो होतो. "डोया बरोबर" म्हटलं तर गडी अख्खं पान वाचून मोकळा, वर मलाच विचारतो, "मंग पुस्तकमा डोया का बर नही लिखतस?" आता याला काय सांगू?