मदत हवी आहे: मालदीव आणि मॉरिशसचा उपभोग खर्च कसा ताडून पाहू?

नमस्कार मंडळी. एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रकल्पासाठी मालदीव आणि मॉरिशसच्या घरगुती उपभोग खर्चाची दरडोई तुलना करतेय. ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये मोबाइलवर एक्सेल उघडून बसते, पण एका रकान्यावर गाडी अडलीये.

जागतिक बँकेची चालू डॉलरमधली (म्हणजे त्या-त्या वर्षीच्या किमती आणि विनिमय दराने डॉलरमध्ये बदललेली) आकडेवारी घेऊन पाहिली. पण 2011 पासून मालदीवचं चलन रुफिया एका डॉलरला 15.42 च्या आसपास बांधलेला, मॉरिशसचा रुपया मात्र घसरत आलाय. म्हणजे निम्मा फरक विनिमय दराचाच असावा, असं वाटतं. म्हणून क्रयशक्ती समता (पीपीपी, म्हणजे दोन्हीकडच्या किमतींतला फरक धरून केलेलं रूपांतर) वापरायचं ठरवलंय, तेव्हा कृपया तो सल्ला नको. पर्यटकांचा खर्च निर्यातीत जातो, घरगुती उपभोगात नाही, हेही माहीत आहे.

खरी गोची लोकसंख्येची. मालदीवच्या 2022 च्या जनगणनेत सुमारे 5.15 लाख लोक, त्यातले सुमारे 1.32 लाख परदेशी. वर्षभर किंवा जास्त राहणारे कामगार राष्ट्रीय लेख्यात (देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशेबात) निवासी धरतात, म्हणून त्यांना भागाकारातून वगळणं मला चुकीचं वाटतं. सर म्हणतात, वगळ. शिवाय मॉरिशसमध्ये सरकारी शिक्षण आणि दवाखाने मोफत. तो खर्च घरगुती आकड्यात दिसतच नाही.

सशुल्क डेटाबेस परवडत नाही, हातात आठवडा आहे.

तर, परदेशी कामगार भागाकारात ठेवू ना? आणि घरगुती खर्चाऐवजी ‘प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग’ (घरगुती खर्च अधिक शिक्षण-आरोग्यासारख्या लोकांना मोफत मिळणाऱ्या सेवा) घेतला, तर दोन्ही देशांची सलग वर्षांची मालिका फुकट कुठे मिळेल?