मदत हवी आहे : एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा आजार), उन्हाळ्यात चालताना पाय घासतो (नाशिक)

वहिनी, वय ३८, रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस (त्रास उफाळतो, मग ओसरतो असा प्रकार). काठीशिवाय चालतात. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर संध्याकाळी साडेपाचला नेतो. एप्रिलपासून पाचेक मिनिटांतच उजवा चवडा घासायला लागतो, डोळ्यांपुढे धूसर होतं. बसल्यावर तासाभरात पूर्ववत. आजार वाढतोय का? व्यायाम थांबवावा का?

प्रतिसाद १
थांबवू नका, वेळ बदला. तासाभरात पूर्ववत होतं ना, मग हा बहुधा उथहॉफचा प्रकार, म्हणजे अंग तापल्याने जुनी लक्षणं तात्पुरती वाढणं. मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) गेलेल्या तंतूंतून संदेश मुळात कसाबसा जातो. अंग अर्धा अंश तापलं तरी अडतो. नवी इजा होत नाही. मात्र त्रास २४ तासांवर टिकला तर न्यूरॉलॉजिस्टना कळवाच. लघवीची तपासणीही करा, लघवीतलं इन्फेक्शन हुबेहूब रिलॅप्सचं (आजार नव्याने उफाळल्याचं) सोंग आणतं.

साडेपाचला जमीन अजून तापलेली असते. सकाळी सहाला न्या. आधी वीसेक मिनिटं मानेवर गार ओला पंचा ठेवा, गार पाणी घोटघोट द्या. बर्फ थेट कातडीला नको, बधिर जागी चटका कळत नाही.

सलग चालवू नका. दोन मिनिटं चालणं, दोन मिनिटं बाकावर, असं तीनदा. पाय घासेपर्यंत वाट पाहिलीत तर उशीर झाला.

प्रतिसाद २
उजव्या बुटाचं टोक झिजलंय का बघा. झिजलं असेल तर चवडा उचलला जात नाही. स्लीपर बंद, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा आधार) दुकानातून अंदाजाने आणू नका, माप देऊन करा. आत सुती मोजा हवा. काढल्यावर लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर ती जागा दाबतेय.

पोटरीचा ताण रोज : भिंतीला हात, टाच जमिनीला, गुडघा सरळ, ३० सेकंद, चार वेळा. झटका देऊ नका, झटक्याने ताठरपणा उलट वाढतो. दिवसाआड खुर्चीतून उठबस, दहा-दहाच्या दोन फेऱ्या. खुर्ची भिंतीला टेकवून, नाहीतर मागे सरकते.

धागाकर्ता
आभार. वहिनी गिझरच्या कडक पाण्याने आंघोळ करूनच निघतात. त्याचाही संबंध असेल?

प्रतिसाद १
असणारच! एमआरआय नव्हता त्या काळी रुग्णाला गरम पाण्यात बसवूनही एमएस ओळखायचे. आंघोळ फिरून आल्यावर, कोमट पाण्याने, आणि स्टुलावर बसून.