गोल्डन ओल्डीज रग्बीला जाऊ का? वय ४७, अनुभव फक्त कबड्डीचा

डावा_कोपरा

मंडळी नमस्कार, प्रश्न जरा विचित्र आहे, हसा पण उत्तर पण द्या.

मी मूळचा इस्लामपूरकडचा, गेली १३ वर्षं ऑकलंडला. वय ४७, वजन ८८, गुडघे ओरिजिनल. रग्बी आयुष्यात खेळलेलो नाही, पण कॉलेज संपेपर्यंत कबड्डी खेळलो, डावा कोपरा सांभाळायचो, घोटा पकड ही आपली स्पेशालिटी. पोरगा इथल्या एका क्लबात रग्बी खेळतो त्यामुळे दर शनिवारी सकाळी मी साइडलाइनला, हाफटाइमला पोरांना संत्र्याच्या फोडी वाटायचं काम माझ्याकडे. तर मागच्या महिन्यात असंच उभे असताना एका छोट्या पोराने बॉल घेऊन माझ्याच दिशेने धाव मारली आणि हात आपोआप खाली गेला हो, घोटा धरला, पोरगं अलगद गवतावर. सगळे हसले, पण त्यातला एक बाप (धंद्याने प्लंबर, मान आणि खांदा यांच्यात फट नाही) जवळ येऊन म्हणाला, तू बुधवारी प्रॅक्टिसला ये.

मग कळलं की यांची पस्तिशीवरच्यांची टीम आहे आणि पुढच्या वर्षी ते परदेशात गोल्डन ओल्डीजच्या फेस्टिव्हलला चाललेत. १९७९ ला हे प्रकरण इथे ऑकलंडलाच सुरू झालं म्हणे. आठवडाभराचा कार्यक्रम, आधी सगळ्या टीमची गावातून परेड, मग तीन मॅच, मधे एकेक दिवस सुट्टी, शेवटी मोठं जेवण. आणि विजेता कोणीच नाही! कप नाही, पॉइंट टेबल नाही, फायनल नाही. हे मला झेपतच नाहीये. आमच्याकडे एका बोनस पॉइंटवरून दोन गल्ल्यांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. जिंकायचंच नसेल तर माणूस अंगावर चिखल कशाला घेईल?

बायकोचं म्हणणं सरळ आहे, "मागच्या गणपतीत लेझीम खेळून चार दिवस पाठ धरून बसला होतात, आता रग्बी?" तर प्रश्न असे की या वयात नव्याने शिरणं कितपत शहाणपणाचं, कबड्डीचा काही उपयोग होतो का, आणि मी बियर पीत नाही त्याचं काय करायचं. कोणी खेळलंय का इथे?

आळशी_अजगर

हे ते हेल्मेट आणि खांद्यात उशा घालून खेळतात तेच ना?

पावसाळी_फॉरवर्ड

@आळशी_अजगर नाही रे बाबा, ते अमेरिकन फुटबॉल. रग्बीत उशा नसतात, म्हणून तर लोक जरा जपून आदळतात.

@डावा_कोपरा भाऊ, मी खेळलोय. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर, नव्वदच्या दशकात, प्रॉप होतो म्हणजे स्क्रमच्या (दोन्हीकडचे गडी खांद्याला खांदा अडकवून बॉलसाठी एकमेकांना ढकलतात तो घोळका) पहिल्या रांगेतला. आपल्याकडे रग्बी म्हणजे पावसाळा, जून लागला की क्रिकेटवाले घरी आणि आम्ही चिखलात. आता ५६ चा आहे, अजूनही वर्षातून दोनचारदा जुनी मंडळी जमून खेळतो.

कबड्डीचा उपयोग? प्रचंड. पण एक गोष्ट आधी विसरावी लागेल, आणि ही गंमत नाही, नीट वाचा. कबड्डीत तुम्ही कोपऱ्यातून झेप घेता तेव्हा डोकं कुठे जातं याचा कोणी विचार करत नाही, बऱ्याचदा ते चढाईवाल्याच्या पायांच्या पुढे येतं. तिथे तो मागे वळून मध्यरेषेकडे सरपटत असतो म्हणून चालून जातं. रग्बीत समोरचा शंभर किलोचा माणूस सरळ तुमच्यावर धावत येतोय, डोकं त्याच्या पुढ्यात गेलं की त्याचा गुडघा तुमच्या कानशिलात. डोकं कायम त्याच्या मागच्या बाजूला, आमचा कोच सांगायचा "तुझा गाल त्याच्या ढुंगणाला चिकटला पाहिजे", ऐकायला घाण वाटतं पण मान वाचते. आणि नुसत्या हाताने घोटा ओढायचा नाही, आधी खांदा लावायचा, मग दोन्ही हातांनी पाय गुंडाळायचे, मग तो स्वतःच्याच वजनाने पडतो. चार प्रॅक्टिस फक्त एवढंच करा, तेही गुडघ्यावर बसून.

दुसरं म्हणजे पास मागेच द्यायचा. तोंडपाठ असूनही पहिल्या मॅचला तुम्ही पुढे फेकणारच, सगळे फेकतात.

कोणी तुम्हाला पहिल्या रांगेत उभं करायला बघेल, मान बघून. हात जोडून नाही म्हणा. ती जागा शिकलेल्या माणसाची आहे. वेटरन मॅचमध्ये स्क्रममध्ये बहुतेक ढकलाढकली नसतेच, नुसतं एकमेकांना टेकायचं आणि ज्यांचा बॉल त्यांना द्यायचा, तरी पण. नवख्याला विंगवर ठेवतात, ११ किंवा १४ नंबर, तिथे बॉल दर वीस मिनिटांनी एकदा येतो, उरलेला वेळ कडेला उभं राहून प्रेक्षकांशी गप्पा. दम लागला की बाहेर या, परत आत जा, बदली खेळाडूंना मोजदाद नसते.

आता जिंकण्या-हरण्याचं. स्कोअर कोणाला माहीत नसतो असं समजू नका, दोन्हीकडच्या तीसच्या तीस जणांना तोंडपाठ असतो, फक्त कोणी बोलत नाही. पण रग्बीत मॅच संपल्यानंतरचा एक तिसरा हाफ असतो, खाणंपिणं गाणी टवाळी, आणि वेटरन लोकांचा सगळा जीव त्या तिसऱ्या हाफमध्ये. हे काही आजचं नाही. कलकत्ता कप माहितीये? इंग्लंड-स्कॉटलंडची मॅच ज्यासाठी होते तो. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात गोऱ्यांची पहिली मोठी मॅच झाली, मग क्लब निघाला, आणि सांगतात असं की क्लबातली फुकट दारू बंद केली तशी मेंबरं गळायला लागली! उन्हाळा आणि पोलोही नडलेच म्हणा. शेवटी १८७८ ला क्लब मोडला, बँकेत होते ते चांदीचे २७० रुपये काढले, वितळवले आणि त्याचा कप केला, हँडलच्या जागी तीन नाग आणि झाकणावर हत्ती. १८७९ पासून ते दोन देश त्याच्यासाठी भांडतायत. म्हणजे जगातला एवढा जुना कप आणि त्यात आपल्याकडचे रुपये. हे तिथल्या प्लंबरला ऐकवा, बुधवारी तुमचा भाव वाढेल.

नाकानोचा_नाना

मी खेळत नाही, फक्त बघितलंय, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी तोक्योला असतो. इथे फुवाकू नावाचा क्लब आहे, १९४८ चा, युद्ध संपून तीन वर्षं पण झाली नव्हती तेव्हाचा, आणि मेंबर व्हायला चाळिशी लागते. फुवाकू म्हणजे मनात संभ्रम नसलेला, कन्फ्यूशियस म्हणाला होता की चाळिशीत माणसाचे संभ्रम संपतात, तिथून घेतलंय. (माझे अजून चालू आहेत.)

तर त्यांच्यात चड्डीच्या रंगावरून वय कळतं. चाळिशीतल्यांची पांढरी, पन्नाशीची गडद निळी, साठीची लाल, सत्तरीची पिवळी, ऐंशीची जांभळी आणि नव्वदीची सोनेरी. ऑफिसातले एक सिनियर घेऊन गेले होते बघायला. जांभळ्या चड्डीतले एक आजोबा बॉल बगलेत धरून निघाले, धावणं म्हणवत नाही, आपण बस सुटताना चालतो तसे, आणि भोवती चार लाल चड्डीवाले तितक्याच हळू, हात पसरून, जणू पडले तर झेलायला. पण आजोबांनी त्यातल्या एकाला हाताने ढकललं चक्क! आणि लाइनच्या पलीकडे जाऊन बॉल टेकवला. मग स्वतःच खाली बसले, उठवायला दोघं लागले. उठल्यावर आधी केस नीट केले.

असेच क्लब ओसाका आणि फुकुओकालाही आहेत. ओसाकावाल्यांचं नाव वाकुवाकू, म्हणजे संभ्रमच संभ्रम, आणि फुकुओकावाल्यांचं मेइवाकू, म्हणजे सरळ "लोकांना ताप". तिघांची आपसात स्पर्धा पण होते. मला वाटतं आपल्याकडे निघाला तर मेइवाकूच निघेल.

डावा_कोपरा

नाना 😂 गोल्डन ओल्डीजमध्ये पण साठीच्या वरच्यांना वेगळ्या रंगाची चड्डी असते म्हणे, त्यांना जोरात पाडायचं नाही. आमच्या टीमच्या मॅनेजरने आजच सगळ्यांना जन्मतारीख विचारली. दोघं जण खोटं बोलले असा माझा संशय आहे, वय वाढवून.

हाडवैद्य_कोथरूड

फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात. तुमचा उत्साह कौतुकास्पद आहे पण पाठीच्या आणि गुडघ्याच्या आधी दुसरंच बोलते.

आपल्या उपखंडातल्या लोकांना हृदयाचा त्रास इतरांपेक्षा लवकर गाठतो. ४७ वर्षं, वीस-बावीस वर्षं बसून काम, आणि एकदम स्प्रिंट मारायची. म्हणून आधी डॉक्टरकडे जाऊन बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघा आणि ते म्हणाले तर ट्रेडमिलवरची टेस्ट करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर हा विषय इथेच संपला, खेळायचं नाही.

माझ्याकडे चाळिशीनंतर परत मैदानात गेलेले जे येतात ना, क्रिकेट असो बॅडमिंटन असो, त्यातले बरेच टक्कर होऊन येत नाहीत. एकटेच पळताना येतात. "मागून कोणी लाथ मारली असं वाटलं, वळून बघितलं तर कोणीच नव्हतं", हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की पेशंट अर्ध्यावर असतानाच कळतं, टाचेच्या मागची शीर गेली, अकिलिस. म्हणून आजपासून पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ चे तीन सेट, खाली येताना सावकाश. आठ-दहा आठवडे तरी करा मग जोरात पळा. सोबत मांडीच्या मागच्या स्नायूंचे आणि मानेचे व्यायाम, ते तिथल्या फिजिओकडून समोर करून घ्या, व्हिडिओ बघून मान फिरवत बसू नका.

आणि डोक्याला लागलं, गरगरलं, जरा विसरल्यासारखं झालं तर त्याच मिनिटाला बाहेर. "ठीक आहे मी" हे ज्याच्या डोक्याला लागलंय त्याने ठरवायचं नसतं. लेझीमने पाठ का धरली ते पण बघून घ्या एकदा, बायको बरोबर बोलतेय.

आळशी_अजगर

चवड्यांवर उभं राहून बघितलं. ११ झाले. धन्यवाद, मी प्रेक्षक.

माऊंट_रॉस्किलची_मावशी

मी पण ऑकलंडचीच, आमचे हे खेळतात म्हणून लिहिते. एप्रिल २०१८ ला क्राइस्टचर्चच्या फेस्टिव्हलला गेलो होतो. बायकोचा प्रश्न कोणी घेतच नाहीये म्हणून आधी तो. तिला घेऊन जा. मी रडत गेले होते, मला वाटलं आठवडाभर थंडीत उभं राहून यांचे टॉवेल सांभाळायचे. पण निम्म्या टीम बायका-मुलं घेऊन आलेल्या, आम्ही बायका सुट्टीच्या दिवशी गाडी करून अकारोआला जाऊन आलो, अजून माझा एका अर्जेंटिनाच्या बाईशी व्हॉट्सॲप चालू आहे, ना तिला इंग्लिश येत ना मला स्पॅनिश, फोटो पाठवतो एकमेकींना. शहर तेव्हा भूकंपातून पुरतं सावरलं नव्हतं, मधल्या चौकात कॅथेड्रल तसंच अर्धं पडलेलं, भोवती कुंपण. तिथून पुढे आलो तर एक टीम स्कर्ट घालून रस्त्याने गात चाललेली, सगळे साठीचे.

बियरचं टेन्शन घेऊ नका, आमचे हे पण पीत नाहीत. मॅचनंतर कोर्ट भरतं, एक जण जज होतो, डोक्यावर टॉवेल टाकून, आणि काहीही आरोप ठेवून दंड करतात, बूट जास्त स्वच्छ होते म्हणून पण. दंड म्हणजे बहुतेक प्यायचंच असतं पण आधी सांगितलं की लिंबूपाणी चालतं. यांनी एकदा सोलकढी नेली होती (कोकम आगळ बाटलीत मिळतं इथे), गुलाबी बघून सगळे खूश, मग एकाने घोट घेतला आणि त्यात लसूण! तेव्हापासून दंड म्हणून दुसऱ्यांनाच सोलकढी पाजतात.

एक कामाची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये खेळताना लागलं तर एसीसी म्हणजे सरकारी अपघात विमा आहे, उपचाराचा खर्च उचलतात, कामावर जाता आलं नाही तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत देतात, चूक कोणाची ते विचारत नाहीत. पण परदेशात गेलात की तिथल्या हॉस्पिटलचं बिल एसीसी भरत नाही, आणि साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये रग्बीसारखे खेळ बऱ्याचदा बसतच नाहीत. आमच्या ओळखीच्या एकाचा खांदा निखळला बाहेर, त्याने पॉलिसी हॉस्पिटलच्या बेडवर पडून पहिल्यांदा वाचली. तुम्ही घरी वाचा. हार्टचं काही झालं तर ते अपघातात धरत नाहीत, म्हणून त्या कोथरूडच्या ताईंचं ऐका.

डावा_कोपरा

सगळ्यांचे मनापासून आभार, दीड महिन्याने अपडेट देतोय. डॉक्टर झाले, ट्रेडमिल झाली, टाचा रोज चालू आहेत, बायको मोजते. चार बुधवार नुसतं गुडघ्यावर बसून टॅकल केलं, गाल आणि ते, सगळं सांगितल्याप्रमाणे. पाचव्या बुधवारी पहिली मॅच, शेजारच्या क्लबाबरोबर, फ्रेंडली. मी १४ नंबर. पहिला पास पुढे फेकला, फॉरवर्ड साहेबांचा शब्द खरा केला.

मग गडबड झाली. समोरून एक ७१ वर्षांचे आजोबा बॉल घेऊन आले, वेगळ्या रंगाची चड्डी मला दिसत होती, सगळं कळत होतं, पण ते मला चकवून कडेने निघाले आणि नेमके माझ्या डाव्या हाताला... हात गेला हो खाली. घोटा. आजोबा गवतावर, मैदान चिडीचूप, माझ्या पोटात गोळा. आजोबांनी मान वर केली आणि विचारलं हे कुठे शिकलास. मी म्हणालो कबड्डी. मग तिथेच मॅच थांबवून त्यांनी ती पकड दोनदा करून दाखवायला लावली, प्लंबरवर.

संध्याकाळी कोर्ट भरलं. आरोप, रंगीत चड्डीचा अपमान. वकील म्हणून आजोबाच उभे राहिले पण बाजू त्यांनी माझी घेतली नाही. शिक्षा अशी की क्लबहाऊसभोवती एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत फेरी मारायची, दम तुटला तर सोलकढी (मावशी, आमच्या हिने तुमची पोस्ट वाचून बाटलीच नेली होती). दम पार्किंगजवळ तुटला. प्यालो. मला आवडतेच की, पण तोंड वाकडं केलं.

स्कोअर कोणी सांगितला नाही. २४-१९, आम्ही हरलो.

पावसाळी_फॉरवर्ड

पहिल्याच मॅचला कोर्ट, वा. पण आजोबांना धरलंत तेव्हा डोकं कुठे होतं ते लिहिलं नाहीत.

डावा_कोपरा

पुढे होतं. उद्या बुधवार आहे, परत गुडघ्यावर.