बायपासनंतर वजन परत वाढलं तर

ताई, मिस्टरांचं वजन कमी करायच्या बायपासनंतर (जठर लहान करून आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) उतरलेलं वजन परत चढलंय आणि रिव्हिजन, म्हणजे दुरुस्तीचं दुसरं ऑपरेशन, करू म्हणतायत, पण घाई नका करू, आधी एन्डोस्कोपी आणि बेरियमचा एक्सरे करून घ्या. पाऊच, म्हणजे जठराची केलेली छोटी पिशवी, मोठा झालाय, का त्याचं आतड्याला जोडलेलं तोंड सैल पडलंय, का बाजूला ठेवलेल्या जुन्या जठराशी फिस्टुला, म्हणजे नको ती वाट, झालाय, हे दिसल्याशिवाय काय करायचं ते ठरतच नाही. तोंड सैल असेल तर घशातून दुर्बीण घालून टाके मारून लहान करतात, पोटावर काप नाही, फिस्टुला असेल तर मात्र बहुतेक ऑपरेशनच. आतडं अजून खाली जोडायचं म्हणाले तर नीट विचारा, वजन उतरतं पण प्रोटीन आणि ए, डी, ई, के व्हिटॅमिन्स फार कमी पडू शकतात.

इथे नाशिकला माझ्या भावाला डाएटिशियनने खाल्लेलं सगळं वहीत लिहायला लावलं, जेवण चार घास पण दिवसभर शेव-चिवडा आणि द्राक्षाचा ज्यूस, असलं सगळं पाऊचमधून सरकन खाली जातं, पोट भरतच नाही. सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड या वजन कमी करायच्या इंजेक्शनांबद्दलही विचारा, काहींचं ऑपरेशन त्यानेच टळतं. आणि जाताना पहिल्या ऑपरेशनची नोट नक्की न्या, किती आतडं बायपास केलंय ते त्यातच असतं.