दुरुस्तीची रांग: ‘भाडेकरूंना सगळंच अर्जंट वाटतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

ओली_भिंत: काल इथे एकांनी लिहिलं की सोशल हाउसिंगच्या (संस्थेच्या कमी भाड्याच्या घरांतल्या) भाडेकरूंना नळ टपकला तरी इमर्जन्सी वाटते, घरमालक संस्था बिचारी आधी गॅस, मग वीज, मग छप्पर असा क्रम लावून बरोबरच चालते. डोकं सणकलं म्हणून लिहितेय. क्रमाला विरोध नाहीच हो, कुठे गॅसचा वास येत असेल तर माझं सिंक राहू दे की तुंबलेलं! पण क्रम लावतात तो तक्रारीचा, घराचा नाही. माझ्या बेडरूमच्या भिंतीला ओल. शेरा ‘रूटीन’. माणूस आला, बुरशी पुसली, रंग फासला, तिकीट (म्हणजे तक्रारीची नोंद) बंद. परत पोपडे, परत नवा नंबर, परत रांगेत शेवटी, असं चारदा. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी माझ्याकडे चार कामं वेळेत झाली!! खरं दुखणं वरची तुंबलेली पन्हळ, पण तिला परांची बांधावी लागते, म्हणून ते ‘नियोजित कामांत’ जातं. नियोजित म्हणजे कधीतरी.

पाना_पक्कड: ती पोस्ट माझीच. नऊ वर्षं दुरुस्तीचे फोन घेतलेत. ‘घरात पाणी भरलंय’ म्हणून प्लंबर पळवावा तर बादलीत चार थेंब, आणि ज्या आजींचं हीटिंग खरंच बंद पडलंय त्या संकोचाने फोनच करत नाहीत. क्रम नसता तर मोठ्या आवाजाचंच काम झालं असतं. आणि ओलीचं म्हणाल तर खिडक्या कायम बंद, कपडे आतच वाळत, मग वाफ जाणार कुठे?

चौथा_जिना: आले कपड्यांवर!! अहो बाल्कनी नाही, लिफ्ट बंद, ओले कपडे काय डोक्यावर घेऊन चार जिने उतरू? इंग्लंडात हेच ‘तुमची राहणीच तशी’ ऐकवत राहिले. रॉचडेलच्या अवाब इशाक या मुलाच्या वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती, उत्तर काय तर वरून रंग मारा. २०२० मध्ये दोन वर्षांचं पोर गेलं, २०२२ च्या चौकशीत कारण निघालं बुरशी. मग त्याच्या नावाचा कायदा. ऑक्टोबर २०२५ पासून धोका तातडीचा असेल तर २४ तास, ओल-बुरशी गंभीर असेल तर १० कामाच्या दिवसांत तपासणी आणि ती झाल्यावर ५ कामाच्या दिवसांत घर सुरक्षित करायचं. तुमचा क्रम इतका शहाणा होता तर मुदती कायद्यात का घालाव्या लागल्या?

पाना_पक्कड: मुदती लिहिणं सोपं आहे. माणसं तेवढीच, बुरशीकडे पळाली की मोडकी दारं महिनोन्‌महिने तशीच.

साधा_इंजिनिअर: कपड्यांवरून भांडताय तर ऐका. पावसानंतर डाग पसरला तर पाणी बाहेरून मुरतंय. थंडीत कोपऱ्यात, कपाटामागे काळं येत असेल तर बहुतेक आतलीच वाफ. कपड्यांनी ती वाढते, हे खरंच आहे. पण भिंत इतकी गार का पडते? इन्सुलेशन नाही म्हणून. बाथरूमचा पंखा बंद का? कुणी दुरुस्त केला नाही म्हणून. ही कामं भाडेकरूची का?

पाना_पक्कड: मग खिडकीसुद्धा मालकानेच येऊन उघडायची का?

चौथा_जिना: माझी खिडकी रंगाने चिकटलीये. तुमच्याच माणसाने रंगवली होती, साहेब. तिकीट बंद.

ओली_भिंत: 😂 अहो, मूळ मुद्द्याला उत्तर द्या ना. तीच तक्रार परत आली तर वर का जात नाही?

पाना_पक्कड: जायला हवी. झालं समाधान? आमच्या सिस्टीममध्ये जुनं तिकीट नव्याला जोडायची सोयच नव्हती, मी वहीत लिहून ठेवायचो, साहेब म्हणायचे आकडे बिघडतात. आता माझा पुतळा बसवा.

ओली_भिंत: पुतळा नको, पन्हळीतला कचरा काढा.

चौथा_जिना: सगळं झालं, पण कपडे वाळवायचे कुठे ते कोणी बोललंच नाही.