मुलांची कारसीट: मध्ये, डावीकडे की ड्रायव्हरच्या मागे?

गंगापूररोडकर
घरात दोन मुलं. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा पाच महिन्यांचा. गाडी पाच जणांची हॅचबॅक. नाशिकहून सिन्नर, इगतपुरी, वणी असं सारखं जाणं असतं. दोन्ही मुलांना कारसीट हवीच, यावर घरात एकमत आहे. वाद आहे तो कोणाची सीट कुठे लावायची यावर.

माझं मत: बाळाची सीट मागे डावीकडे, मुलीची मागे उजवीकडे, मधली जागा रिकामी. आयसोफिक्सचे, म्हणजे कारसीट बेल्टशिवाय थेट गाडीला अडकवायचे, हूक आपल्या बहुतेक गाड्यांत मागच्या कडेच्या दोन जागांनाच असतात. सीट हुकात खट्कन बसते, बेल्ट चुकीचा ओवला जायची भीती राहत नाही. दुसरं म्हणजे आपण गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतो. संध्याकाळी कॉलेज रोडला उजवीकडून बाळाला काढायचं तर येणाऱ्या दुचाकींकडे पाठ करून, गाडीत अर्धं वाकून उभं राहावं लागतं. ते मला नको आहे. तुम्ही काय करता, आणि का?

पंचवटीची आई
बाळ मध्येच हवं. धडक कुठल्याही बाजूने बसो, मधलं मूल दारापासून सर्वांत लांब असतं. २००८ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. ३ वर्षांपर्यंतच्या, कारसीटमध्ये बांधलेल्या मुलांच्या अपघातांचा. मागे मध्ये बसलेल्या मुलांना दुखापतीचा धोका कडेच्या मुलांपेक्षा ४३ टक्के कमी निघाला. द्वारका चौकात सिग्नल सुटायच्या आधीच घुसणाऱ्या गाड्या आपण बघतोच. तिथली धडक थेट दारावर बसते. काढायला सोपं पडतं म्हणून बाळ दाराशी ठेवणं मला पटत नाही.

गंगापूररोडकर
आकडा मी नाकारत नाही. पण ताई, आपल्या छोट्या गाड्यांची मधली जागा बघा. अरुंद, वर उचललेली, आणि जुन्या गाड्यांत तिथे नुसता कमरेचा बेल्ट. त्यावर कारसीट डुलते. शिवाय बाळ मध्ये आणि मुलगी कडेला, अशा दोन सीट हॅचबॅकच्या मागच्या बाकावर शेजारी शेजारी मावतच नाहीत. मध्ये डुलणारी सीट आणि कडेला घट्ट बसलेली सीट, यांत मी घट्ट बसलेली घेईन.

सातपूर गॅरेज
आयसोफिक्स नाही म्हणून मधली जागा बाद, हे मात्र बरोबर नाही. तिथे थ्री-पॉइंट बेल्ट (कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा) असेल आणि तुमची सीट बेल्टने बांधायच्या प्रकारची असेल, तर ती तिथे नीट बसू शकते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या जागेवर कुठली सीट चालते याचा तक्ता असतो, तो आधी बघा. बसवल्यावर जिथून बेल्ट जातो तिथे सीट हाताने धरून डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर काढून परत बसवा. वरचं टोक धरून हलवू नका, ते थोडं हलणारच.

आयसोफिक्सवाल्यांनी एक बघायचं. काही सीटना पुढे टेकूचा पाय असतो. पायाखाली गाडीच्या फ्लोअरमध्ये सामानाचा पोकळ कप्पा असेल, तर कंपनीने मॅन्युअलमध्ये परवानगी दिल्याशिवाय तिथे पाय टेकवू नका. धडकेत झाकण खचलं की पायाचा उपयोग शून्य. हे दुकानात कुणी सांगत नाही.

इंदिरानगरचे आजोबा
आमची मुलं आईच्या, आजीच्या मांडीवर मोठी झाली. तान्ह्या बाळाला त्या टणक टोपलीत बांधायचं, ते रडून लाल होतं, आणि शेजारी बसलेल्या आजीने नुसतं बघत बसायचं? शहरात गाडी ३०च्या वर जाते कुठे? लांब जाताना लावा की सीट.

गंगापूररोडकर
काका, बाळ रडतं तेव्हा माझाही जीव खालीवर होतो. पण हिशोब बघा. गाडी ३०च्या वेगात असताना धडकली आणि अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबली, तर सात किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे ५० किलोच्या जोराने पुढे खेचलं जातं. वेग ५० असेल तर सुमारे १४० किलोच्या. इतकं वजन कुठल्याच आजीच्या हातात राहणार नाही, माया कितीही असो. बाळ रडलं तर गाडी बाजूला घेऊन थांबू, काढून घेऊ, परत बांधू. कायदाही हेच सांगतो: मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. मी दंडासाठी करत नाही, ते वेगळं.

सिडको, नवीन बाबा
बायको म्हणते पुढे तिच्या नजरेसमोर ठेवू. ती मागे बसेल, बाळ माझ्या शेजारी.

सातपूर गॅरेज
नको. रिअर फेसिंग, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असलेल्या, सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते, आणि नेमकी तिथूनच एअरबॅग फुटते. बाळाचं डोकं त्या पाठीशीच असतं. पॅसेंजर एअरबॅग चालू असताना रिअर फेसिंग सीट पुढे कधीच लावायची नाही, आणि आपल्या पुष्कळ गाड्यांत ती बंद करायची सोयच नसते. नजरेसमोर हवं तर ताईंनी बाळाच्या शेजारी मागे बसावं.

पाथर्डी फाटा
मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला उलटं वाटतं. बाळ उजवीकडे हवं आणि मोठी मुलगी डावीकडे.

बाळ आपणहून उतरत नाही. त्याला मोठं माणूसच काढतं, आणि मोठ्या माणसाला मागून येणारी रिक्षा दिसते. साडेचार वर्षांची मुलगी मात्र बक्कल उघडायला शिकली की दार उघडून उडी मारते. शाळेच्या फाटकाशी सकाळी काय गर्दी असते, सांगायला नको. तिला रस्त्याच्या बाजूला बसवणं हा तुमच्या मांडणीतला सर्वांत मोठा धोका आहे, आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केला नाही. कॉलेज रोडचा धोका तुम्ही बाळ काढणाऱ्याच्या पाठीचा मोजलात, मुलीचा मोजला नाहीत.

गंगापूररोडकर
हा मुद्दा वजनदार आहे. तरी मी बाजू बदलणार नाही. उजव्या मागच्या दाराला चाइल्ड लॉक कायम लावलेला असतो, ते आतून उघडतच नाही. मधली जागा रिकामी ठेवली ती यासाठीच: मुलगी बक्कल सोडून सरकत डावीकडे येते आणि बाळाला काढल्यावर फूटपाथच्या बाजूने उतरते.

दुसरं कारण ड्रायव्हरची सीट. मी उंच आहे. रिअर फेसिंग सीट तिरकी लावावी लागते, तिला पुढे-मागे बरीच जागा लागते. ती माझ्या मागे लावली तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. अशा अवस्थेत कसारा घाट उतरायचा? डावीकडे लावली की पुढे बसलेल्या बायकोची सीट थोडी पुढे जाते, तेवढं तिला चालतं.

पाथर्डी फाटा
बायकोची सीट पुढे म्हणजे ती एअरबॅगच्या जवळ, हेही लक्षात असू द्या. आणि बाळाची आयसोफिक्सची सीट बसवलेली असताना मुलगी तिच्यावरून कशी सरकणार?

गंगापूररोडकर
बाळाची वरची टोपली हँडलने उचलून निघते, खाली फक्त बेस राहतो. त्यावर पाय न देता तिला मी उचलून घेतो. बेस न निघणाऱ्या मोठ्या सीटला हे जमणार नाही. तेव्हा तुमची मांडणी बरोबर ठरेल.

पंचवटीची आई
आणि सासूबाई? वणीला देवीच्या दर्शनाला निघालात की पाचवं माणूस कुठे बसवणार? दोन कारसीटच्या मध्ये मोठं माणूस बसत नाही, मी बसून पाहिलंय. या एका गोष्टीवरून घराघरात मुलांच्या सीट काढून डिकीत टाकल्या जातात.

गंगापूररोडकर
म्हणूनच मी सरळ मान्य करतो की आमची गाडी आता चार जणांची आहे. आई आली की ती पुढे बसते, गाडी मी चालवतो आणि बायको एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने येते. कधी मी मागे राहतो. तिकीट काढावं लागतं, चिडचिडही होते. पण सीट काढायची नाही, हे घरात ठरलेलं आहे आणि आईनेही ते मानलंय.

इंदिरानगरचे आजोबा
तुमच्या आईने मानलं हे वाचून विचारतो. आमची नात चौदा महिन्यांची आहे. तिला आता पुढे तोंड करून बसवलं तर रडणार नाही असं मुलगा म्हणतो. चालेल?

पंचवटीची आई
आजोबा, अजून नको. आय-साइझ या कारसीटच्या युरोपीय मानकाच्या नियमात निदान १५ महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, आणि त्यानंतरही सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेत बसेल तितके दिवस तसंच ठेवतात. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. समोरून धडक बसली तर मागे तोंड असलेल्या मुलाचं डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं, मान एकटी ताणली जात नाही. इथे माझं आणि गंगापूररोडकरांचं एकमत आहे. जागेवर नाही. आमच्या गाडीत मध्ये थ्री-पॉइंट बेल्ट आहे, मूल एकच आहे, ते मध्येच राहणार.

सातपूर गॅरेज
आजोबा, मुलाला सांगा गाडी घेऊन या, सीट किती हलते ते बघून देतो. पैसे नाहीत. मॅन्युअल बरोबर आणा.